भिंतीकडची शेवंती

अपर्णाने सुईच्या टोकाने आणखी एक पान सोलले आणि श्वास रोखून भिंगात पाहिले. खिडकीशी ओढलेल्या टेबलावर तिचा जुना पितळी मायक्रोस्कोप होता आणि त्याखाली शेवंतीचा शेंडा. बाहेरची पाने काढून तिने बशीत ठेवली होती. आता उरली होती ती आतली, केसाळ, एकमेकांना बिलगून बसलेली, नुसत्या डोळ्यांना न दिसणारी. शेवटचे पान बाजूला झाले तसा शेंड्याचा गाभा दिसला. अरुंद, ओला, तांदळाच्या कणीच्या टोकासारखा. त्याच्या कुशीत पुन्हा एक कोंब होता.

"पानच आहे," ती म्हणाली.

"काय म्हणता अम्मा?" घरमालकीण भामाकाकूंनी दारातूनच विचारले. त्या चौकटीला टेकून कधीच्या उभ्या होत्या. आत या म्हटले तरी पायांना माती आहे म्हणून त्या आत येत नसत.

"या शेंड्याने अजून फुलाची तयारीच केलेली नाही, काकू. पानांवर पानं काढत बसलाय. दसरा होऊन गेला. आतापर्यंत गाभा पसरट व्हायला हवा होता."

पदराचे टोक बोटाला गुंडाळत भामाकाकू खिडकीबाहेर बघत राहिल्या. खाली त्यांची बाग पसरली होती. घराजवळचे थोडे वाफे सोडले तर भिंतीपर्यंत सगळी शेवंती हिरवीगार, गुडघ्याएवढी, आणि कुठे कळीचा पत्ता नाही. त्या तिला शेवंती म्हणत नसत, चामंती म्हणत. मागच्या वर्षीही असेच झाले होते.

नवऱ्याची, अविनाशची बदली पुण्याहून हैदराबादला झाली, त्याला आता दीड वर्ष होत आले होते. माधापूरच्या बाजूला कंपनीची काचेची नवी इमारत उभी राहिली आणि त्याच्या ऑफिसजवळ म्हणून त्यांनी हिम्मतरावांच्या घरातला वरचा मजला भाड्याने घेतला. घरमालक मराठी निघाले याचे तिला पहिल्या दिवशी अप्रूप वाटले होते. हिम्मतरावांचे वडील अंबाजी निजामाच्या काळात नांदेडकडून इथे आले, एका नवाबाच्या देवडीत, म्हणजे वाड्यात, माळीकाम करता करता त्यांनी ही जमीन घेतली आणि फुलांची शेती सुरू केली. हिम्मतरावांची मराठी अपर्णाला आधी अर्धीच कळायची. हळूहळू तिला त्या "हौ" आणि "नक्को"ची सवय झाली. पुण्याच्या कॉलेजात ती वनस्पतिशास्त्र शिकवत असे हे कळल्यापासून हिम्मतराव तिला टीचरम्मा म्हणू लागले होते.

तिचा प्रबंधाचा विषयही हाच होता, फुलोरा. कोणत्या झाडाचा शेंडा वाढतच राहतो आणि फुले बगलेतून देतो, कोणाचा शेंडा स्वतःच फूल होऊन थांबतो. पहिल्याला पुस्तकात अकुंठित म्हणतात, दुसऱ्याला कुंठित. वर्गात हा शब्द सांगितला की मागच्या बाकांवर हशा पिकत असे. प्रबंध अपुरा राहिला होता. बदलीमुळे राहिला, असे सगळे म्हणत, आणि तीही म्हणे.

"माती तपासून आणली ना काकांनी?" तिने विचारले.

"आणली की. माती चांगली हाय म्हणले. पाणीबी चांगलं." भामाकाकू वळल्या. "मातीचं नसंल तर माणसाचं असंल, अम्मा." एवढे बोलून त्या जिना उतरून गेल्या.

दुपारभर अपर्णा बागेत फिरली. भिंतीकडच्या वाफ्यांतून तिने शेंडे खुडले, मधल्या वाफ्यांतून खुडले. सगळ्यांचे एकच. फक्त विहिरीजवळच्या मोटारीच्या खोलीमागे तिला एक गोष्ट अडखळवून गेली. तिथे हिरव्या रानात एक लांबट पट्टा होता, खोलीपासून सुरू होऊन पुढे निमुळता होत गेलेला, आणि त्या पट्ट्यातल्या झाडांना कळ्या धरल्या होत्या. ज्वारीच्या दाण्याएवढ्या, पण कळ्याच. तीच माती, तेच पाणी, एकाच दिवशी लावलेली रोपे. पट्ट्याच्या कडेचे झाड कळीचे, त्याला खेटून असलेले शेजारचे नुसते पानांचे.

संध्याकाळी ती वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेली. दिवस मावळला होता. भिंतीपलीकडच्या इमारतीच्या माथ्यावरचे मोठे दिवे एकेक करून लागले आणि घराजवळचे वाफे सोडून सगळी बाग पांढऱ्या उजेडात उघडी पडली. आणि मोटारीच्या खोलीची सावली बागेवर लांब पडली, पुढे निमुळती होत गेलेली.

हातातला टॉवेल खांद्यावर तसाच टाकून ती कठड्याशी उभी राहिली. मग मोठ्याने हसली. आपण किती मूर्ख, असे तिला वाटले. शेवंतीला फुलायला लांब रात्र लागते, हे तिने किती वर्षे फळ्यावर लिहून दिले होते. या बागेला दोन हंगाम रात्रच झालेली नव्हती.

जेवताना तिने अविनाशला हे सांगितले तेव्हा तो घास हातात धरून ऐकत राहिला.

"म्हणजे आमच्याच बिल्डिंगचे दिवे?"

"तुमच्याच."

"बिचारे काका," तो म्हणाला. "आणि आम्ही खिडकीतून बघायचो, काय छान हिरवं दिसतंय म्हणून." मग जरा थांबून म्हणाला, "किती दिवसांनी तू अशी बोलतेयस."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी हिम्मतराव अंगणात बाजेवर बसून औषध फवारायच्या पंपाचा वायसर बदलत होते. पहाटेच जांबागच्या फूलबाजारात जाऊन आले होते. घराजवळच्या वाफ्यांतली चार करंड्या फुले विकायला जायचे आणि परत यायचे, एवढेच आता उरले होते. भामाकाकू पोचम्मा देवीच्या देवळात गेल्या होत्या.

"काका, तुमची जमीन अगदी ठणठणीत आहे," अपर्णा जिन्यावरूनच म्हणाली.

"हौ?" त्यांनी मान वर केली नाही.

ती त्यांच्यासमोर उकिडवी बसली आणि सगळे सांगितले. दिवे, सावली, कळ्यांचा पट्टा. त्यांनी मध्येच एकदा मोटारीच्या खोलीकडे बघितले, एकदा इमारतीच्या माथ्याकडे. समजायला त्यांना काहीच वेळ लागला नाही.

"म्हणजे दिवे गेले तर फुलंल."

"नक्की फुलेल."

"आन् राह्यले तर?"

"तर शेवंती नाही. पण गुलछडी लावा ना. तिची कांडी खालून वर फुलत जाते, तिला दिव्याचं काही सोयरसुतक नाही. प्रत्येक झाडाची तऱ्हा वेगळी असते. झेंडूचंही एवढं अडणार नाही. किंवा नुसतं काळं कापड आडवं लावलं…"

हिम्मतरावांनी पाना खाली ठेवला. तिने मोठी बातमी आणली होती आणि ती ज्या चेहऱ्यापुढे ठेवली होती तिथे काहीच हलले नव्हते. तिचे बोलणे आपोआप थांबले.

"टीचरम्मा, हे हिला सांगितलं का?"

"नाही अजून. त्या देवळातून आल्या की…"

"नका सांगू."

अंगणात चिमण्या टिपत होत्या. हिम्मतराव हाताला लागलेले ग्रीस फडक्याने पुसत राहिले. ग्रीस निघाले तरी पुसत राहिले.

"बाबा जाताना माझा हात धरून म्हणले, जमीन फुलतीय तवर इकू नको. म्या हौ म्हटलं. त्या वक्ताला नाही कोण म्हणतंय?" ते जरा हसले. "मिसरूड फुटायच्या आधीपास्नं बाजाराला जातोय मी. आधी सायकल, मग बस, आता ऑटो. पाऊस असू दे, ताप असू दे. फुलाला थांब म्हणता येत नाही. लोक म्हणतात तुमचं काय, फुलातलं जीवन. मला फुलाचा वास कसा असतोय तेबी याद नाही आता."

"पण…"

"मागल्या साली भिंतीकडचं फुललं नाही तवा सारा गाव म्हणला, बिचाऱ्याचं वाटोळं झालं. मी वरून मान हलवली." आतून काय झाले ते त्यांनी सांगितले नाही. "संक्रांतीनंतर सौदा करायचं ठरलंय. घर राहील, बाग जाईल. हिचा जीव हाय त्या बागेत. हिला हे कळलं तर म्हणंल, पडदा लावू, गुलछडी लावू, कायतरी करू. आन् ती करंल. मग मला नाही म्हणता यायचं नाही."

अपर्णा उठली. "बरं," एवढेच ती म्हणाली.

वर येऊन तिने मायक्रोस्कोपवर कापड घातले. मग खुर्चीत बसून राहिली. बदलीची बातमी आली होती त्या दिवशी तिच्या मार्गदर्शक बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवून म्हटले होते, "अरेरे, अगदी शेवटाला आलं होतं गं तुझं." त्या वेळी तिने मान खाली घातली होती. मान खाली घातल्यावर चेहरा कोणाला दिसत नाही. त्या आधीची दोन वर्षे प्रबंधाचे एकही पान पुढे गेलेले नव्हते.

हिम्मतरावांचा तिला राग येत नव्हता.

*

पण सोमवार आला की तिला राहवत नसे. भामाकाकू सोमवारी पाणीसुद्धा घेत नसत आणि अनवाणी देवळात जात. दिवाळी झाली, कार्तिक लागला. घराजवळचे वाफे पिवळेधमक झाले आणि भिंतीकडचे हिरवेच राहिले. एका सोमवारी हिम्मतराव बाजारातून गरम मिरची भजी घेऊन आले आणि पुडी बायकोपुढे धरली.

"खा. उपाशी माणसावर देवी खूश होतीय का कुठं?"

"तुमी खावा. मला नक्को," म्हणून काकू आत गेल्या. हिम्मतराव पुडी हातात घेऊन अंगणात उभे राहिले. त्यांनी वर पाहिले तेव्हा अपर्णाची आणि त्यांची नजरानजर झाली. त्यांनीच आधी मान वळवली.

त्याच आठवड्यात काकू वर आल्या त्या दारातच बसल्या. टाचांना भेगा पडून रक्त आले होते. अपर्णाने कोमट पाणी आणले.

"कशाला एवढं करता, काकू?"

"माझं चुकलं, अम्मा." त्या पाण्यात पाय बुडवून बसल्या. "मामंजींचं सुतक फिटलं नव्हतं आन् मी तोडणीला उभी राह्यले. बतुकम्माचा फुलांचा सण, बाजार चढलेला. हे म्हणले नको, मीच म्हटलं फुलं वाया जातील. त्याच्या दुसऱ्या साली हे असं झालं. त्यांनी हातानं लावलेली बाग, अम्मा. रुसणार नाही का?"

अपर्णा उठली. तिने मायक्रोस्कोपवरचे कापड काढले. खाली जाऊन तिने सावलीच्या पट्ट्याच्या टोकाला मागाहून फुटलेला एक शेंडा आणला आणि त्याच्या शेजारच्या वाफ्यातला दुसरा. दोन्ही सोलले. पहिला बिघडला, पुन्हा जाऊन आणावा लागला.

"आत या. माती असू दे."

भामाकाकूंनी एक डोळा मिटून भिंगात पाहिले. बराच वेळ त्यांना काही दिसेना. मग दिसले.

"चपटं हाय. भाकरीच्या उंड्यासारखं. कडंनं बारीक दाणे हायत."

"त्यातला एकेक दाणा म्हणजे एकेक फूल. आपण जिला एक शेवंती म्हणतो ती फुलांची अख्खी वस्ती असते. कडेची आधी उमलतात, मधली मागून. आणि हा शेंडा आता थांबला. याच्यापुढे फांदी वाढायची नाही, इथं फूलच."

"मग झाड थांबतंय?"

"झाड नाही थांबत. खालच्या बगलांतून दुसऱ्या फांद्या येतात. आता हा बघा."

तिने काच सरकवली. काकूंनी पाहिले.

"हे टोकदार हाय."

"हे अजून पानंच करतंय. त्याला वाटतंय रात्र झालीच नाही." मग अपर्णाने खिडकी उघडून इमारतीचे दिवे दाखवले, मोटारीची खोली दाखवली, पट्टा दाखवला. "बाग रुसलेली नाही, काकू. कोणाचंच काही चुकलेलं नाही."

भामाकाकू खाली फरशीवर बसल्या. त्यांनी तोंडाला पदर लावला. रडताना त्यांचा आवाज झाला नाही, फक्त खांदे हलत राहिले. अपर्णा त्यांच्या शेजारी बसली. खालून हिम्मतरावांच्या खोकण्याचा आवाज आला तसे काकूंनी डोळे पुसले.

"ह्यांना सांगितलं का?" त्यांनी विचारले, आणि उत्तराची वाट न बघताच म्हणाल्या, "सांगितलं नसंल तर नका सांगू."

"का?" अपर्णाने विचारले.

"लगीन झालं तवापास्नं पहाटेला हा माणूस माझ्या शेजारी नसतोय," काकू खालच्या आवाजात म्हणाल्या. "कवाच नाही. आन् झोपला तरी बोटं हलत असतात. सुतळीच्या गाठी मारतात झोपेत. मामंजींनी हात धरून वचन घेतलं तवा मी दाराआड उभी होते. ह्यांना वाटतंय मला ठाऊक नाही. आता जमीनच नको म्हणतीय, तर म्हणू दे. तिच्या तोंडून तरी वचनातनं सुटतील."

"आणि तुम्ही? तुम्हाला बाग…"

"माझं काय. मी कुंडीत लावीन." हे बोलताना त्यांचे तोंड खिडकीकडे होते आणि बराच वेळ ते तिकडेच राहिले.

पुढच्या सोमवारी काकूंनी चपला घातल्या. देवळात गेल्या, पण जेवूनच. हिम्मतरावांनी कारण विचारले नाही.

अपर्णाला मात्र जिन्यावरून जाता-येता दोघांपैकी कोणी भेटले की उगाच घाई असल्यासारखे करावे लागे. दोघेही तिला पूर्वीपेक्षा जास्त मायेने विचारपूस करीत. दोघांच्याही नजरेत एकच अजिजी होती, आणि एकाची दुसऱ्याला माहीत नव्हती.

*

डिसेंबरच्या मध्याला अविनाश मिठाईचा पुडा घेऊन घरी आला. आबिड्सहून खास वळसा घालून आणला होता.

"तुझ्या शेवंतीचं काम झालं," तो बूट काढता काढता म्हणाला.

"कसलं काम?"

"ॲडमिनच्या मागे लागलो होतो दोन महिने. शेवटी साहेबांना तुझा तो सावलीचा पट्टाच नेऊन दाखवला खिडकीतून. ते इतके खूश झाले! मागच्या बाजूचे दिवे आजपासून बंद. जानेवारी संपेपर्यंत." त्याने पुडा उघडून तिच्यापुढे धरला. "काकांना सांगायचं नाही अजून. कळ्या आल्या की आपोआप कळेल."

अपर्णाने पेढा घेतला नाही. "परत लावता येतील का?"

"काय?"

"दिवे."

तिने त्याला खाली बसवून सगळे सांगितले. सांगून झाले तेव्हा पुडा दोघांच्या मध्ये तसाच उघडा पडला होता.

"मग आता मी जाऊन काय सांगू साहेबांना?" तो म्हणाला. "लावा म्हणून?"

ते हास्यास्पद होते, आणि दोघेही थोडे हसले. बाहेर अंधार होता. इतका अंधार त्या घरात राहायला आल्यापासून त्यांनी पाहिला नव्हता. विहिरीपलीकडे काजवेही होते.

नवीन वर्ष लागले तशा भिंतीकडच्या शेंड्यांवर कळ्या दिसू लागल्या. दोन वर्षे थोपवून धरल्यासारखे सगळ्या झाडांनी एकदम मनावर घेतले. अपर्णा रोज खिडकीतून बघे आणि आता कोण आधी बोलते याची वाट पाही. कोणीच बोलले नाही. हिम्मतराव अंगणात पाठ करून बसत. भामाकाकू धुणे दुसऱ्या बाजूला वाळत घालू लागल्या.

एका सकाळी हिम्मतराव बाजारातून यायच्या आधी तिला भिंतीजवळ काही हलताना दिसले. भामाकाकू वाफ्यात वाकल्या होत्या. तण काढताहेत असे तिला आधी वाटले. पण हात जमिनीकडे जात नव्हता. तो शेंड्याशीच थांबत होता, चिमटीने काही खुडत होता आणि खोचलेल्या पदरात टाकत होता. त्या पुढे गेल्या की मागे नुसती पाने उरत.

दोन दिवसांनी काकू देवळात गेलेल्या असताना तिने हिम्मतरावांना पाहिले. डोक्याला मफलर तसाच, ऑटोतून उतरून ते थेट भिंतीकडे गेले होते. त्यांची बोटे जास्त सराईत होती. मूठ भरली की ते ती विहिरीमागच्या उकिरड्यात रिकामी करीत आणि वर पाचोळा ओढीत.

अपर्णा खिडकीतून मागे सरली. तिला जे ठाऊक होते ते त्या दोघांनाही ठाऊक असणारच, आयुष्य त्यात गेले होते त्यांचे. शेंडा खुडला की बगलेतले कोंब जागे होतात. एका कळीच्या जागी चार येतात. लहान रोपाचा शेंडा माळी मुद्दाम खुडतात ते त्याचसाठी. भिंतीकडची शेवंती आठवड्याभरात अशी लेकुरवाळी झाली की एका माणसाच्या हाताने ती आवरणे शक्यच नव्हते. काकू रोज जाऊ लागल्या. हिम्मतरावही रोज जाऊ लागले. बाग एवढी कशी काय थोपून राहिली, असे दोघांपैकी कोणाच्या मनात आले असेल, तर ते तोंडावर दिसले नाही.

भोगीच्या दिवशी सकाळी धुके होते. सणाची फुले आदल्या दिवशीच विकून झाल्यामुळे हिम्मतरावांची बाजाराला सुटी होती, पण अंगवळणी पडलेली जाग कुठे जाणार. अपर्णा गच्चीवर पाण्याची टाकी बघायला आली तेव्हा ते भिंतीच्या बाजूने वाफ्यात शिरलेले होते. आणि घराच्या बाजूने, त्याच सरीतून, भामाकाकू वाकून पुढे सरकत होत्या. धुक्यात एकमेकांना ते दिसत नव्हते. वरून तिला दोघेही दिसत होते.

हाक मारावी असे तिला वाटले. तिने कठड्यावर हात ठेवले आणि मारली नाही.

सरीच्या मध्यावर दोघे एकाच वेळी सरळ झाले.

हिम्मतरावांनी उजवा हात पाठीमागे नेला. काकूंनी पदर पोटाशी घट्ट धरला. तो फुगलेला होता, लपण्यासारखा नव्हताच. मग हिम्मतराव काहीतरी बोलले. काकूही बोलल्या. वरपर्यंत शब्द पोचले नाहीत. काकूंनी एकदा वर गच्चीकडे पाहिले, रागाने नाही, आणि परत नवऱ्याकडे वळल्या. हिम्मतरावांनी पाठीमागचा हात पुढे घेतला. मूठ उघडून त्यांनी त्यातल्या कळ्या बायकोच्या ओटीत टाकल्या.

काकू बांधावर बसल्या. शेजारची जागा त्यांनी हाताने झाडून घेतली. जरा वेळाने हिम्मतरावही तिथे बसले. धुके विरून ऊन भिंतीवर आले तरी दोघे उठले नव्हते.

त्यानंतर कोणी शेंडे खुडले नाहीत.

*

माघात भिंतीकडची बाग फुलली. वेळ टळून गेलेली, हंगामाबाहेरची, पण अशी की अविनाशच्या ऑफिसातले लोक चहाचे कप घेऊन खिडक्यांशी उभे राहत. दिवे पुन्हा लागले होते, पण धरलेल्या कळीला आता ते थांबवू शकत नव्हते.

जागा मोजायला बिल्डरचा माणूस आला तो फाटकातच थबकला. त्याच्याबरोबरच्या पोरांनी साखळी खाली ठेवली. तो हिम्मतरावांना गेले वर्षभर ओळखत होता.

"अरे साब, ये तो पूरा खिल गया!" तो म्हणाला. "तुम तो बोले थे जमीन मर गई."

अपर्णा जिन्याच्या खालच्या पायरीवर होती. तिने भामाकाकूंकडे पाहिले. काकू ओट्यावर तांदूळ निवडत होत्या, त्यांचा हात सुपात थांबला होता.

"नहीं," हिम्मतराव म्हणाले. "जमीन अच्छी है."

"फिर बेचते कायकू?"

हिम्मतरावांनी बागेकडे पाहिले. मग बायकोकडे पाहिले. काकूंनी मान खाली घातली नाही.

"थक गया मैं," ते म्हणाले. आणि त्या माणसाला कदाचित नीट ऐकू गेले नसेल असे वाटून, की स्वतःलाच एकदा आपल्या बोलीत ऐकायचे म्हणून, पुन्हा म्हणाले, "दमलो."

काकूंनी सूप बाजूला ठेवले आणि चहाला किती जण आहेत ते बघायला त्या उठून उभ्या राहिल्या.